घराचा चार्ज

मागच्या आठवड्यात ठिबकच्या नळ्या विकणारे एक गृहस्थ आमच्या दारात आले. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले आणि वही उघडून म्हणाले, "घरातले कारभारी कोण?" मी धाकट्या भावाकडे बोट केलं. भावानं त्याच्या मुलाकडे केलं. पुतण्या फोनवर बोलत होता, त्यानं मान वर न करता स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आतून माझी बायको आणि भावजय दोघी एकदमच हसल्या. त्या गृहस्थांनी वही मिटली. त्यांना वाटलं असणार, यांची चेष्टा चाललीय.

चेष्टा नव्हती. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर गेल्या दहा-बारा वर्षांत इतक्या वेळा बदललंय की हल्ली आम्ही बोटावरच भागवतो. पण एक काळ असा होता, की या प्रश्नाला मी छाती पुढे काढून 'मी' असं उत्तर द्यायचो. त्या उत्तरानं घराचं एक वर्ष खाल्लं, उसाचं एक रान खाल्लं आणि माझा सख्खा भाऊ माझ्यापासून जवळजवळ तोडला. आज ते हसत सांगता येतं, हे त्याचे उपकार, माझी हुशारी नव्हे.

आमचं गाव कुंडलच्या पलीकडे, काळ्या रानाचं आणि उसाचं. आम्ही दोघे भाऊ. मी थोरला, तो चार वर्षांनी धाकटा. घरात दोन मुलगे असले की एक रानात आणि एक पलटणीत, हे आमच्या भागात कुणी बसून ठरवत नाही, ते तसं होत जातं. एकोणिसाव्या वर्षी मी भरती झालो. खरं सांगायचं तर अभ्यासात तो माझ्यापेक्षा बरा होता. त्याला कराडला जाऊन पुढे शिकायचं होतं. पण मी गेलो, वडिलांच्या पाठीचं दुखणं वाढलं, आणि दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात त्यानं दप्तर खुंटीला लावलं आणि खोरं उचललं. त्याबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. मीही कधी विचारलं नाही, कारण न विचारण्यात माझी सोय होती.

तोवर तो मला 'तू' म्हणायचा. "ए दादा, तू लय शाना हायस" हे दिवसातून चारदा. भांडणात तर 'तू'च्याही खाली उतरायचा. ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीला मी आलो, तेव्हा तो मला न्यायला कराडच्या स्टँडवर आला होता. मी युनिफॉर्ममध्ये, केस बारीक, पाठ ताठ. त्यानं माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "दादा, तुमी दमला असाल." मला त्यात काही खटकलं नाही, उलट बरं वाटलं. वाटलं, हा वर्दीचा मान आहे, मिळतोय तर घ्यावा. 'तुमी' त्या दिवशी घरात आलं आणि पुढे अठ्ठावीस वर्षं 'तू' काही परत फिरकलं नाही.

'तुमी'च्या मागून बाकीचंही आलं. वर्षातून एकदा-दोनदा मी सुट्टीवर यायचो, तेव्हा खाटेवर नवी चादर पडायची, मटणाचा बेत व्हायचा, पहिलं कढत पाणी माझ्या अंघोळीला. आमच्यात सकाळची न्याहारी म्हणजे आदल्या दिवशीची शिळी भाकरी, चटणी आणि वर तेल. सगळं घर तेच खायचं, मला मात्र पोहे. एकदा मी म्हटलं, मलाही भाकरीच द्या. आई म्हणाली, "तू कशाला खातूस शिळं? चार दिसाचा पाहुणा तू." ती मायेनंच बोलली. घरच्या माणसाला शिळं चालतं, ताजं पाहुण्याला लागतं. म्हणजे या घरात मी कोण, ते मला पोह्याच्या ताटलीनं सांगितलं.

आणि मी पाहुणा म्हणून मिरवत असताना माझ्या वाटणीचं सगळं तो करत होता. माझी मुलगी झाली तेव्हा मी बर्फात होतो. सांगलीच्या दवाखान्यात दोन दिवस बाकड्यावर बसून राहिला तो. तिला पहिल्यांदा हातात घेतलं त्यानं, शाळेत घातलं त्यानं, तिला सायकल शिकवताना मागे पळून गुडघे फोडून घेतले तेही त्यानंच. ती मला 'पप्पा' म्हणायची, त्याला 'आण्णा', आणि अंगात ताप भरला की हाक मारायची ती आण्णाला. बायको हे फोनवर सांगायची तेव्हा मी हसण्यावारी न्यायचो. फोन ठेवल्यावर हसू यायचं नाही.

वडील गेले तेव्हाही मी वर होतो आणि रस्ता बंद होता. अग्नी थोरल्यानं द्यायचा असतो, तो धाकट्यानं दिला. मी नदीवर पोचलो ते थेट दहाव्याला. सगळी भावकी जमली होती. तो गुडघाभर पाण्यात उभा होता, डोक्याचे केस उतरवलेले. मला बघताच बाहेर आला, हातातला तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "एवढं तुमच्यासाठी ठिवलंय." शेवटचं पाणी द्यायचं त्यानं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं, भटजींना तासभर थांबवून धरलं होतं. नंतर कळलं, भटजी दोनदा उठले होते आणि यानं दोनदा त्यांना हात जोडून खाली बसवलं होतं. त्याचे आभार मी त्या दिवशी मानायला हवे होते. मी नुसता रडलो आणि चौथ्या दिवशी गाडीत बसलो.

एवढं सगळं घेऊन मी पेन्शनवर आलो, सुभेदार होऊन. गावानं हार घातले, वेशीपासून हलगी लावून घरापर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा माझ्यापुढे आला. हातात ताट, ताटात नारळ, पानसुपारी आणि घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. मोटरच्या पेटीची किल्ली, खताच्या खोलीची, कपाटाची, सगळ्या त्यातच. वडिलांच्या कमरेला असायचा तोच जुडगा. म्हणाला, "अठ्ठावीस वर्सं जमंल तसं सांबाळलं. आता थोरलं तुमी हाय. तुमचं तुमी बगा."

इथे आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. मानाचं ताट कुणी पुढे केलं, की थोरल्यानं त्याला हात लावायचा, तो हात कपाळाला न्यायचा आणि ताट परत द्यायचं. म्हणायचं, 'पावलं, आता तूच ठेव.' देणाऱ्यानं मान दिला, घेणाऱ्यानं मानला, आणि काम ज्याचं त्याच्याकडे राहिलं. लग्नाच्या मांडवात, नव्या ट्रॅक्टरच्या पूजेला, विहिरीला पाणी लागल्यावर, हे मी लहानपणापासून कितीदा पाहिलेलं. पण अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्याच रिवाजात काढली होती. तिथे एक जण जातो, दुसरा येतो, सामान मोजून बघतात, सही होते, चार्ज दिला आणि चार्ज घेतला. तिथे पुढे केलेली किल्ली कुणी परत देत नाही.

मी जुडगा उचलला आणि खिशात टाकला.

नारळ आणि पानं उरलेलं ताट घेऊन तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. दारातल्या भावजयीनं पदर तोंडाला लावला. आई "आरं..." एवढंच म्हणाली. मला वाटलं, सगळ्यांना भरून आलंय. मागाहून बायको म्हणाली, "आवं, हात लावून परत द्यायचं असतंय ते." मी म्हटलं, "त्यानं मनापासून दिलंय." ती म्हणाली, "म्हणूनच तर." मग भाकऱ्या थापायला बसली. मला ते पटलं नाही. आता आपण या घरात पाहुणे नाही, आता कारभारीच आपण, या खुशीत मी होतो.

मग माझा कारभार सुरू झाला. पहाटे साडेपाचला शिट्टी. सहाला अंगणात हजेरी, त्यात भाऊ, कॉलेजला जाणारा पुतण्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर आई. खताच्या पोत्यांवर मी रंगानं नंबर घातले. खुरपायला येणाऱ्या बायकांना सरळ रांगेत बसवलं, तर त्यातली एक उठून सलाम ठोकून म्हणाली, "सुबेदार, पान खायाची परवानगी हाय का?" सगळं रान हसलं. भाऊ हसला नाही. मी काहीही काढलं की तो एकच बोलायचा, "तुमी म्हणाल तसं." पलटणीत एवढी आज्ञाधारक माणसं मला मिळाली नव्हती. हा आज्ञाधारकपणा नव्हता, पाहुण्याचं मन राखणं होतं, हे ओळखायला मला फार वेळ लागला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला नदीकडच्या रानात उसाची नवी लागण करायची होती. त्या रानात सऱ्या, म्हणजे पाण्याचे चर, पहिल्यापासून वाकड्या. बांधापासून निघायच्या, मध्यावर आल्या की डावीकडे वळायच्या आणि मग पुढे जायच्या. मला ते बघवेना. म्हटलं, "ह्या काय सऱ्या आहेत? कुणी बघितलं तर काय म्हणेल?" भाऊ म्हणाला, "बा तशाच सोडायचा." मी म्हटलं, "तेव्हा दोरी नव्हती." खरं तर तेव्हाही दोरी होती. भावानं एकदा रानाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, "तुमी म्हणाल तसं."

मी लिंबाच्या झाडापासून विजेच्या खांबापर्यंत दोरी ताणली आणि ट्रॅक्टरवाल्याला तिच्या रेषेत सऱ्या सोडायला लावल्या. अशा सऱ्या त्या शिवारात आजवर कुणी पाहिल्या नसतील. रस्त्यानं जाणारे गाडी थांबवून बघायचे. मी फोटो काढून जुन्या साथीदारांना पाठवले. दोनच दिवसांनी पहिलं पाणी सोडलं. पाणी मध्यापर्यंत आलं आणि थांबलं. रानाच्या पोटात एक उंचवटा होता, डोळ्याला न दिसणारा. वडिलांनी वर्षानुवर्षं पाणी पाजून तो ओळखला होता आणि त्याला वळसा घालून सऱ्या नेल्या होत्या. माझ्या सऱ्या त्याच्या छाताडावर जाऊन भिडल्या. अलीकडे पाणी तुंबून बेणं कुजलं, पलीकडे कोरडं राहिलं. महिन्याभरानं ऊस उगवला तो टक्कल पडलेल्या डोक्यासारखा, जागोजागी मोकळा. बायको कवठे महांकाळकडच्या कोरड्या रानातली, पाण्याचा एकेक तांब्या जपत वाढलेली. ती बांधावर उभी राहून एवढंच बोलली, "पाण्याला परेड येत न्हाई."

पेन्शनच्या एका कागदासाठी मी साताऱ्याला गेलो होतो, काम लवकर झालं म्हणून दुपारीच परत आलो. येताना रानाकडून आलो, तर भाऊ आणि भावजय दोघं वाकून मोकळ्या जागांत उसाची रोपं लावत होती. मी दिसताच दोघं उभी राहिली. तो म्हणाला, "काय न्हाई, जरा सांदत हुतो." चोरी सापडल्यासारखा चेहरा झाला होता त्याचा. माझी चूक तो माझ्याआड निस्तरत होता, आणि मला दिसलं म्हणून ओशाळला होता. घरच्या माणसानं एवढा घोळ घातला असता तर त्याला बांधावर उभा करून झाडला असता. मला कुणी झाडत नव्हतं. खिशात किल्ल्या होत्या आणि तरी मी पोहे खाणाराच होतो.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. रान सुधारतं, पुढच्या वर्षी नीट येतं. पण हा माणूस असाच 'तुमी म्हणाल तसं' म्हणत राहिला, तर मी या घरात मरेपर्यंत राहूनही घरचा होणार नव्हतो.

आईजवळ जाऊन बसलो. तिला सगळं ठाऊक होतं. लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "तुज्या बाचा थोरला भाऊ नारळ फोडायचा आन रान तुजा बा बगायचा. नारळ तू फोड की. रानात त्याचं ऐक." मी म्हटलं, "मग त्या दिवशी का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "सुबेदाराला कोण बोलणार बाबा?" म्हणजे आईसुद्धा.

मग मी स्वतः ताट सजवलं. नारळ, पानसुपारी, किल्ल्यांचा जुडगा. भावापुढे धरलं आणि म्हटलं, "माझं चुकलं. हे तूच ठेव." त्यानं ताटाकडे बघितलं. जुडग्याला हात लावला, हात कपाळाला नेला आणि ताट माझ्याकडे परत सरकवलं. म्हणाला, "पावलं. तुमीच ठिवा. लोकं म्हणतील, थोरल्याला बाजूला सारला, आता वाटण्या हुणार." रीत त्यानं अगदी बिनचूक पाळली. ताट माझ्याच हातात राहिलं.

हे लिहिताना वाटतं, माणसाला घरात कुठली जागा घ्यायची ते शिकवायला कुणी नसतं. मुलगा असतो, मग बाप होतो, थोरला म्हणून मिरवतो, आणि एक दिवस कळतं की आता बाजूला बसायची पाळी आपली. पुढे काही वर्षांनी पुतण्यानं रान हातात घेतलं तेव्हा भाऊ आठवडाभर बांधावर नुसता बसून असायचा. मोटर आता मोबाईलवरून चालू होते, त्याला रानात काही कामच उरलं नव्हतं. मी जाऊन त्याच्या शेजारी बसायचो. या बाबतीत माझा अनुभव दांडगा. त्याला म्हणायचो, "पोरगं चुकलं तर ओरड, पण किल्ली मागू नकोस." आणि पुतण्याला वेगळं गाठून सांगायचो, "दिवसातून एकदा तरी त्याला काहीतरी विचार, माहीत असलं तरी विचार." पण हे शहाणपण मला आलं कुठून, ते सांगायचं राहिलंय.

माझ्या कारभाराच्या त्याच वर्षातला तो श्रावणातला दिवस होता. पाऊस येऊन-जाऊन. रोपं लावलेल्या त्या उंचवट्याला पाणी द्यायचं होतं आणि मोटर उचलत नव्हती. बांधाच्या पलीकडे विजेची डीपी, तिथला फ्यूज गेला असणार. खुरपणाऱ्या बायका कामावर होत्या, भाऊ लांब पाटावर. कुणाला बोलवायचं? कारभारी मी. पलटणीत जनरेटर चालवलेला माणूस. चप्पल चिखलात रुतली म्हणून ती काढली, अनवाणीच डीपीपाशी गेलो, तार हातात घेतली आणि पेटीकडे हात नेला.

"ए दादा! हात मागं घे!"

आवाज कुणाचा ते कळलं, पण तो कुणाला म्हणतोय ते क्षणभर कळलं नाही. मागे वळतोय तोवर भाऊ सऱ्या तुडवत येऊन पोचला होता. त्यानं माझ्या सदऱ्याला मागून धरलं आणि असा खेचला की मी चिखलात बसलो.

"मराय निगालाईस का? वल्या पायानं डीपीत हात घालतूस? ह्यो काय तुजा जनरेटर हाय व्हय रं? आक्कल कुटं ठिवून आलाईस?"

बायकांची खुरपी थांबली. मी उठून उभा राहिलो. आता हा थांबेल असं वाटलं, पण वर्षभराचा बांध फुटला होता.

"आन त्या सऱ्या! बा काय आंदळा हुता? येक शब्द मला इचारला आसतास तर सांगितलं नसतं का मी? आन ती शिट्टी! पाटंला शिट्टी फुकतूस, म्हस पान्हा चोरती! अर्दा लीटर दूध कमी देती तवापास्नं! आन किल्ल्या! हात लावून परत द्यायच्या आसत्यात, एवडं बी इसरलास? बाला अग्नी देताना तुज्या वाटंकडं बगत हुतो मी. तवापास्नं बगतूय. म्हटलं, दादा यील, मग दोगं मिळून करू. आलास, तर सायब हुऊन आलास! तू आमचा हायस का कोण हायस, ते तरी सांग येकदा!"

मी सावधान उभा होतो, हात मांड्यांना चिकटवून, सवयीनं. नोकरीत मी पुष्कळांची झाडणी खाल्ली आहे, पण तेव्हा आतून चरफडायचो. त्या दिवशी मात्र एकेक 'तू' अंगावर घेत उभा राहिलो. वाटत होतं, थांबू नकोस गड्या, अजून बोल. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पाऊस होता म्हणून ते खपून गेलं.

त्याचा दम संपला. तो बांधावर बसला आणि आपण काय करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. बायकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मान खाली घालून म्हणाला, "दादा, चुकलं माजं. तुमाला आसं बोलाय नको हुतं..."

"परत तुमी म्हणालास तर बघ," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या वाटणी मागतो."

त्यानं मान वर केली. सलाम ठोकणारी ती बाई पलीकडून ओरडली, "द्या आता वाटणी! चिकूल तेवडा सुबेदारांचा!" मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझा भाऊ माझ्यावर तोंड भरून हसला. हसता हसता त्यानं हात पुढे केला. "आन इकडं किल्ली. मोटरची पेटी बंद करतो आदी." मी खिशातून अख्खा जुडगा काढून दिला. त्यानं तो कपाळाला नेला नाही, सरळ कमरेला खोचला.

मी तसाच उभा. एवढं रान, एवढी माणसं, आणि मला काम नव्हतं. म्हटलं, "आता मी काय करू?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू आता घरला जा. पाय कोरडं कर, चप्पल घाल. आन येताना समद्यांना च्या घिऊन यी. माज्यात साखर कमी टाकाय सांग."

मी घराकडे निघालो, चिखलात माखलेला, अनवाणी. घरात भावजय चुलीपुढे होती. मला बघून ती घाबरलीच. काय झालं ते तिला सांगितलं. तिनं चहा ठेवला, मग किटली भरली. किटलीचा कान मी धरला, तर तिनं दुसऱ्या बाजूनं धरून ठेवली.

"आवं भावजी, तुमी बसा. मी दुसऱ्या कुणाला तरी धाडते की."

"नको," मी म्हटलं. "मला सांगितलंय त्यानं."